फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणारच!

डोकं फिरलंय नुसतं. आम्ही चार पालकांनी मुख्याध्यापकांना विचारून, त्यांची सही घेऊन, दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. पेनड्राइव्ह आमचे, नेट आमचं, चहासुद्धा आमचाच. 2 जीबी रॅमची डबडी ती, विंडोज 7 उघडेपर्यंत तास संपायचा. मिंटवर बऱ्यापैकी पळायला लागली. पाचवीची पोरं टक्स पेंटवर चित्रं काढत होती, आठवीतली स्क्रॅचवर प्रोग्रॅमिंग शिकत होती, युनिकोडमध्ये मराठी टाइप करत होती.

मग ऑफिसातला प्रिंटर अडला म्हणून मेंटेनन्सवाला आला आणि जाता जाता त्याने अख्खी लॅब फॉरमॅट मारली! परत तेच क्रॅक केलेलं विंडोज 7. मायक्रोसॉफ्टने ज्याचे अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद केले, ते. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर छळतो, मान्य. अहो, पण प्रिंटर ऑफिसात आहे, लॅबमध्ये नाही! आता पुन्हा एकाने पेनड्राइव्ह लावला की व्हायरसने सगळ्यांचे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात आणि मॅडम ओरडतात पोरांवर.

शाळेत सरांना विचारायला गेलो तर काय ऐकावं? "एमएस-सीआयटीला हे चालत नाही." अहो सर, ती परीक्षा पोरं दहावीनंतर देतील, आत्ता पाचवीत आहेत! "यात वर्ड नाही." वर्डचंच काम करणारं रायटर आहे की, उघडून तरी बघा. "पालक म्हणतील फुकटचं काहीतरी टाकलं." आणि चोरीचं टाकलेलं चालतं? त्याला कोणी काही म्हणत नाही! हे सगळं ज्या अँड्रॉइड फोनवर बोट फिरवत मला ऐकवत होते, त्याच्या पोटातही लिनक्सच आहे, पण ते सांगून उपयोग काय. सरल, यू-डायस, शालार्थ, या सरकारी पोर्टलांवर भरायची सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझर तर मिंटमध्ये आयताच येतो. मग अडलंय कुठे?

केरळ काय परदेशात आहे का? तिथे 2001 मध्ये शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा सरकारी प्रकल्प सुरू झाला, पुढे सरकारी शाळांच्या लॅब लिनक्सवर गेल्या, दहावीच्या आयटीचं प्रात्यक्षिकही त्यावरच होतं. फुकट मिळालं म्हणून नाही जमलं ते. आधी शिक्षकांना बसवून शिकवलं, पुस्तकं त्याप्रमाणे बदलली, बिघडलं तर कोणाला बोलवायचं ते ठरवलं. आपल्याकडे शिकायचं म्हटलं की तोंडं वाकडी. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीतून आहेत, तेही फुकट. लिंक पाठवली होती मी शिक्षकांच्या ग्रुपवर. त्यावर दोन अंगठे आले आणि एक 'शुभ सकाळ'.

बरं, मेंटेनन्सवाल्याचा राग करून तरी काय, त्याला विंडोज टाकण्याचेच पैसे मिळतात. पण लॅबची जबाबदारी असलेल्या माणसाने "अरे थांब, हे मुद्दाम टाकलंय" एवढं म्हणायला काय जात होतं?

आणि आता कळस बघा. विंडोज 11 या मशीनवर चालणार नाही म्हणून नवे कॉम्प्युटर घ्यायचे, आणि त्यासाठी प्रत्येक पालकाकडून वर्गणी काढायची, असं शाळेत घाटतंय. माझ्या दारात पावतीपुस्तक घेऊन या तर खरं!