चार हजार डॉलर आणि बारावीचं वर्ष

आमची लेक सध्या दहावीत आहे. इकडच्या भाषेत सॉफमोर. इथलं हायस्कूल नववी ते बारावी, चार वर्षांचं. गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद शाळेतून आला. तो माझ्यासमोर टाकत म्हणाली, "आई, मी तीन वर्षांत हायस्कूल संपवू शकते. आणि संपवलं तर इंडियाना चार हजार डॉलर देतं." इंडियाना म्हणजे अमेरिकेतलं आमचं राज्य.

मला वाटलं, इन्स्टाग्रामवरचं काहीतरी असेल. पण खरं निघालं. मिच डॅनियल्स गव्हर्नर असताना 2011 मध्ये ही स्कॉलरशिप सुरू झाली, नावही त्यांचंच आहे. सरकारी पैशावर चालणारं हायस्कूल किमान एक वर्ष आधी संपवा, कॉलेजला लागा, 4,000 डॉलर एकरकमी. उत्पन्नाचा दाखला नको, निबंध नको. हिशेब किराण्याच्या वहीसारखा सरळ: मूल बारावीत बसलं की राज्याला शाळेकडे त्याच्यामागे पैसे भरावे लागतात. बसलंच नाही तर ते वाचतात. वाचले त्यातले काही मुलालाच द्यायचे.

कराडला व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "अगं, तुझ्या आजोबांना डबल प्रमोशन मिळालं होतं. दुसरीतून थेट चौथीत! त्याचे पैसे नव्हते दिले कुणी."

मग जेवणाच्या टेबलावर पाकिटाच्या मागे आकडेमोड सुरू झाली. कोअर 40 डिप्लोमाला, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या नेहमीच्या प्रमाणपत्राला, 40 क्रेडिट लागतात. रोज सात तास, प्रत्येक विषयाला सेमिस्टरला एक क्रेडिट, म्हणजे वर्षाला 14. तीन वर्षांत 42. "बसतंय!" लेक ओरडलीच. पण गाडी इंग्रजीवर अडली. इंग्रजीचे आठ क्रेडिट हवेत, म्हणजे दर वर्षी दोन धरून चार वर्षं. तीन वर्षांत उरकायचं तर पुढच्या वर्षी अकरावीचं आणि बारावीचं इंग्रजी एकत्र घ्या, नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी ऑनलाइन इंग्रजीत घालवा. आणि ऑनर्स डिप्लोमा हवा असेल तर 47 क्रेडिट. आठवीत केलेल्या अल्जिब्राचे दोन धरले तरी तीन कमीच. (2029 मध्ये बारावी संपवणाऱ्या बॅचपासून डिप्लोमाचे नियमच बदललेत. धाकटी मुलं असलेल्यांनी माझं हे गणित वापरू नका.)

इथपर्यंत मी तिच्या बाजूने होते. मग पाकिटाच्या दुसऱ्या बाजूला चौथ्या वर्षाचा हिशेब मांडला.

आमच्या शाळेत एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीचे, ढीगभर विषय आहेत. शिवाय आयव्ही टेक या राज्याच्या कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल क्रेडिट (एकच विषय, शाळेतही धरतात आणि कॉलेजातही), तेही हायस्कूलच्या मुलांना फुकट. इंडियाना कॉलेज कोअर म्हणून 30 क्रेडिट अवरचा एक गठ्ठा आहे. तो हायस्कूलमध्येच पुरा केला तर राज्यातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांना धरावाच लागतो. म्हणजे जवळपास एक वर्षाचं कॉलेज. आता पर्ड्यू या इथल्या सरकारी विद्यापीठाची राज्यातल्या मुलांसाठीची वर्षाची फी बघा: 9,992 डॉलर. ही फी 2013 मध्ये गोठवली कुणी? पर्ड्यूचे प्रेसिडेंट झालेल्या मिच डॅनियल्स यांनीच! म्हणजे त्यांच्या नावाचे 4,000 घेऊन आमची लेक शाळा सोडणार, आणि शाळेत राहून जे फुकटात मिळालं असतं ते त्यांच्याच पर्ड्यूत 9,992 देऊन विकत घेणार. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळाच.

आता दुसरं चित्र. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत होता. अकरावीतच शाळेतलं गणित संपलं. चौथ्या वर्षी त्याच्यासाठी काय होतं? दोन तास स्टडी हॉल (आपापलं वाचत बसायचा तास) आणि एक तास ऑफिसात झेरॉक्स काढणं. त्याने वर्ष गाळलं, 4,000 घेतले आणि बरं केलं.

माझं भांडण आहे ते इथे. ही स्कॉलरशिप त्या मुलासाठी रास्त आहे, माझ्या लेकीसाठी तोट्याची. राज्याने मात्र दोघांच्या चौथ्या वर्षाला एकच भाव लावलाय. त्या वर्षात मुलाला काय मिळणार होतं, हे कुणी विचारत नाही. आणि ज्या शाळांत देण्यासारखं काही उरत नाही, तिथल्या मुलांना ही सोय वेळेत कळायला हवी. दहावीत कळलं तर इंग्रजीची ओढाताण ठरलेली. आठवीत किंवा नववीत कळलं तर सावकाश बसवता येतं. मैत्रिणीच्या मुलालाही हे कौन्सेलरने सांगितलं नव्हतं. तिनेच शोधून काढलं.

आपल्याकडे भारतात वर्ष वाचवायची सोयच नाही. नीटला 17 पूर्ण लागतात. पण अकरावी-बारावीचं कॉलेज नावापुरतं, हजेरी कागदावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, हे लातूरपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे निदान "शाळेची गरज संपली असेल तर जा" असं उघड म्हणतात.

एच-फोरवाल्यांसाठी, म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी, एक: मुलं 21 पूर्ण झाली की त्या व्हिसातून बाहेर पडतात, म्हणून आपल्यातले बरेच जण एकेक वर्ष वाचवायच्या मागे असतात. घाई समजते. पण राज्याच्या मदतीला सहसा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तेव्हा हे 4,000 आधीच खर्चात धरू नका.

लेकीने पाकिटाच्या दोन्ही बाजू बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाली, "ठीक आहे, राहते. पण चौथ्या वर्षी सकाळचा पहिला तास रिकामा घेऊ का? झोपायला?"

कागद शुक्रवारी परत द्यायचाय.