लाल टीशर्ट आणि माझं मत

दर नोव्हेंबरला तेच! ओहायोतल्या कोलंबसमध्ये ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा आठवडा आला, कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक 'एम'वर (मिशिगनचा 'एम'!) लाल पट्टीची फुली बसली, की माझी पुरोगामी मित्रमंडळी सुरू. "२०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा ओहायोनं ट्रम्पला निवडलं, आणि तू ओहायो स्टेटचा लाल टीशर्ट घालून ओरडतोस?" अरे, संघाचा आणि मतपेटीचा काय संबंध? मी डेमोक्रॅट्सनाच मत देतो, पुढेही देणार. म्हणून शनिवारी लाखभर लोकांत घसा बसेपर्यंत ओरडायचं सोडू?

स्टेडियममधले शेजारी तर त्यांच्यावर वरताण. खेळाडूंच्या पैशांचा विषय काढला की, "खेळात राजकारण नको!" का नको? कित्येक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो. आणि गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांना २०२१पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरात करून पैसे कमवायची बंदी होती! विद्यापीठांकडून कमाईतला थेट वाटा मिळायला २०२५ उजाडलं. मागे एकदा पुढच्या रांगेतला गडी नाचोचा ट्रे मांडीवर आपटून माझ्यावर खेकसला, "फुकट शिकायला मिळतं ना त्यांना?" समोर विशीतला पोरगा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत आत चालला होता. त्याच्याकडे या माणसाचं लक्षसुद्धा नव्हतं.