मोबाईलने हद्द कायम होत नाही

‘मोजणी ऑफिसच्या फेऱ्या बंद, आता मोबाईलनेच हद्द कायम करा’ असा एक मेसेज सध्या आमच्याकडच्या गावागावांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात बरेच दावे आहेत. फोनवरचं ॲप इंचापर्यंत अचूक मोजतं आणि कोर्टाला ते मानावंच लागतं. आपलीच जमीन आपण मोजतो, तेव्हा शेजाऱ्याला कळवायची गरज नाही. मोजा आणि लगेच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घाला, मग कोणी काही करू शकत नाही. ड्रोनने सगळा गाव मोजून झाला आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र भरून घेणं हा तुमचा हक्क आहे. आणि शेवटी, भूमापक म्हणजे कोण हे कायद्यात लिहिलेलंच नाही, तेव्हा कोणीही मोजलेलं सारखंच.

हा मेसेज वाचून माझ्या आत्याने देवगडच्या आंब्याच्या कलमांच्या बागेला गडगा घालायचं ठरवलं आणि चिऱ्याचा ट्रकही सांगून ठेवला. म्हणून हे लिहितो आहे. मी स्वतः टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन खासगी मोजणीची कामं करतो. माझं यंत्र त्या ॲपपेक्षा कितीतरी अचूक आहे. तरीही माझा नकाशा कायद्याने हद्द ठरवत नाही, आणि हे मी गिऱ्हाइकाला काम हातात घेण्याआधीच सांगतो.

आधी ॲपचं बघू. अमेरिकी सरकारचं जीपीएसचं अधिकृत संकेतस्थळ आहे, ज्यांचे उपग्रह त्यांचंच. तिथे स्पष्ट लिहिलं आहे की स्मार्टफोनची अचूकता मोकळ्या आकाशाखाली साधारण 4.9 मीटरच्या त्रिज्येत असते, आणि इमारती किंवा झाडांजवळ ती आणखी घसरते. आता दोन गुंठ्यांचा चौरस तुकडा घ्या. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे दोन गुंठे साधारण 202 चौरस मीटर आणि एक बाजू जेमतेम 14 मीटर. एकच रेघ 4.9 मीटर सरकली तर जवळजवळ 70 चौरस मीटर इकडचे तिकडे होतात. तुकड्याचा तिसरा हिस्सा! आणि हे मोकळ्या माळावर. कोकणात आपण मोजणार ते आंब्याच्या, काजूच्या, पोफळीच्या झाडीत. ज्यांना इंचाचा दावा खरा वाटतो त्यांनी एकाच दगडावर फोन ठेवून सकाळी आणि संध्याकाळी नोंद घ्यावी.

मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला मात्र दुसरा आहे, शेजाऱ्याला न कळवता गडगा घालण्याचा. यातून माणसं कोर्टात जातील, भाऊबंदांत बोलणं बंद होईल आणि गणपतीला एकमेकांच्या घरी जाणं थांबेल.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडून बघा. सर्व्हे नंबरच्या किंवा त्याच्या हिश्श्याच्या हद्दी आखून द्यायच्या ते कलम 136 प्रमाणे, संबंधित माणसाच्या अर्जावरून आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात. प्रत्यक्षात हे काम भूमी अभिलेख खात्याचे भूकरमापक करतात. मोजणीआधी लगतच्या धारकांना नोटीस जाते, ती काही शोभेसाठी नसते. शेजारी हजर राहतो, आपली वहिवाट कुठपर्यंत आहे ते दाखवतो, जुना दगड कुठे होता ते सांगतो. मग भूकरमापक दप्तरातलं टिपण, फाळणी, गटबुक हे मोजणीचे जुने कागद काढून जागेवरच्या स्थितीशी ताडतो. हातात पडणाऱ्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यांतला फरक दिसतो. ती मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागता येते. फोनवर बोट फिरवून काढलेल्या चौकटीत यातलं काय आहे?

‘मग कोणी काही करू शकत नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे. शेजाऱ्याचा ताबा तुम्ही गडगा घालून काढून घेतलात, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), 1963 च्या कलम 6 प्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आधी सोडवावा लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम 39 खाली बांधलेलं पाडायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. गडग्याने व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी अडलं किंवा शेतावर जायची वाट बंद झाली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे. त्यात तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. बांधावरून जाण्याच्या हक्कासाठी महसूल संहितेचं कलम 143 आहे. म्हणजे चिरे, गवंडी, वाहतूक यांचा खर्च एकदा घालायला, एकदा पाडायला आणि वर वकिलाची फी.

कोर्टाने ॲप मानावंच लागतं म्हणे. हद्दीच्या वादात कोर्ट काय करतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या निकालात आहे. वाद जमिनीच्या सीमांकनाचा असेल तर स्थानिक पाहणीसाठी आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमावा, असं तिथे सांगितलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी आदेश 26 नियम 9 आहे. आपल्याकडे असा आयुक्त म्हणून बहुतेक वेळा भूमी अभिलेखाचाच अधिकारी जागेवर येतो.

ड्रोनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेली स्वामित्व योजना गावठाणातल्या घरांच्या जागांसाठी आहे. तुमची कलमं, वरकस (उताराची हलकी जमीन), खाजण (खाडीकाठची खारी जमीन) तिच्यात येत नाहीत, आणि कोकणात तर कितीतरी वाड्या गावठाणाच्या बाहेर वसलेल्या असतात.

सातबाऱ्याचंही थोडक्यात. त्यावर क्षेत्र असतं, जमिनीची आकृती नसते. जमीन चौकोनी की व्हाळाच्या कडेने वाकडी, हे सातबारा सांगत नाही. कलम 157 प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. शिवाय आमच्यासारखा सामाईक सातबारा असेल आणि निम्मे हिस्सेदार मुंबईला असतील, तर आधी वाटप करा, मग आपला तुकडा मोजायची भाषा करा.

राहिला शेवटचा दावा, आणि इथे मला नाइलाजाने अर्धं मान्य करावं लागतं. वकिलांसाठी 1961 चा कायदा आहे, सनदी लेखापालांसाठी 1949 चा, वास्तुविशारदांसाठी 1972 चा. भूमापकाच्या व्यवसायासाठी असा केंद्रीय कायदा नाही. कोणीही यंत्र भाड्याने आणतो, ‘सर्व्हेअर’ असा शिक्का करून घेतो आणि नकाशावर उठवतो. मोजणीला उशीर होतो हेही खरं. तारखेची वाट बघून लोक वैतागतात, म्हणून असले मेसेज खपतात. पण यातून ‘कोणीही मोजलेलं सारखंच’ हा निष्कर्ष निघत नाही. व्यवसायाची व्याख्या नसली तरी हद्द कोण ठरवणार हे 1966 पासून लिहिलेलं आहे.

ती व्याख्या व्हायलाच हवी, हे मी माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात राहून सांगतो. अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांत भूमापनाचा व्यवसाय म्हणजे नेमकं कोणतं काम, हे लिहिलेलं असतं आणि ते परवान्याशिवाय करता येत नाही. शेजारच्या कर्नाटकात परवानाधारक भूमापक आहेत. शेतजमिनीच्या तुकड्याची विक्री करताना लागणारा 11ई नकाशा ते करतात. आपल्याकडेही हे कायद्यात पक्कं व्हावं. उंची मोजणं, घराची आखणी, रस्त्याचा सर्व्हे एका बाजूला आणि हद्द आखणं दुसऱ्या बाजूला, असं स्पष्ट लिहावं. हद्दीच्या कामाला शिक्षण, परीक्षा आणि परवाना लागावा, शेजाऱ्याला नोटीस सक्तीची असावी, नकाशा सरकारी दप्तरात जमा व्हावा आणि चूक निघाली तर सही करणाऱ्याचा परवाना जावा. अशी परीक्षा उद्या लागली तर मी पहिल्या दिवशी अर्ज भरेन. तोवर माझ्या सहीच्या नकाशावर कोणी हद्दीचा दगड पुरू नये. आत्यालाही तेच सांगितलं आहे आणि ट्रक थांबवला आहे. सातबारा, जुनी फाळणी आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते जमवून या आठवड्यात तिच्या मोजणीचा अर्ज भरायचा आहे.