बायका-पोरांची चित्रं आणि सोलापूरचा नकाशा

नमस्कार काका. आपण सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंत, म्हणून काका म्हणते.

गल्लीतल्या लोकांची चित्रं नि आठवणी जोडून आम्ही सोलापूरचा डिजिटल नकाशा करतो आहोत. त्यावर आपलं म्हणणं असं, की गल्लीतल्या बायका-पोरांची चित्रं चिकटवून नकाशा होत नाही, इतिहास हवा तर गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडावं, आणि सोलापूर म्हणून जगाला बंद मिली नि विड्या कशाला दाखवायच्या? हे मला अजिबात पटत नाही.

गॅझेटियर आम्ही वापरलंच. 'जुनी मिल' ही कापडगिरणी १८७७ची, ही नोंद त्यातलीच. पण भोंगा झाल्यावर कुठल्या बोळातून माणसं गेटकडे पळायची, ते सांगायला त्या बोळातलीच माणसं लागतात.

आता विड्यांचं. पूर्व भागातल्या एका मावशींनी काढलेलं चित्र आपण उघडून पाहिलंत का? चेहरा नाहीच, नुसते हात. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पान कापायचा पत्र्याचा फर्मा, कात्री, दोरा. नखं त्यांनी मुद्दाम काळी रंगवली आहेत. नकाशावरच्या टिंबावर बोट ठेवलं की चित्रासोबत त्यांचं तेलुगूतलं बोलणं ऐकू येतं, खाली मराठी येतं. बसायची जागा उंबऱ्याशी, कारण उजेड तिथेच. काका, कारखाना पानं नि तंबाखू देतो आणि तयार विड्या मोजून घेतो. विडी वळली जाते ती या उंबऱ्यात. एरवीच्या नकाशावर मात्र ते नुसतं घर. शहरातल्या हजारो बायकांची कामाची जागाच नकाशावर नसेल, तर तो नकाशा अपुरा आहे, असं मी ठामपणे म्हणते.

"कुणीही काहीही लिहील" ही आपली शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच कागदोपत्री नोंद निळ्या रंगात आणि ऐकीव आठवण केशरी रंगात ठेवली आहे. स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली, हे निळं. इंग्रजांच्या मार्शल लॉमध्ये, म्हणजे लष्करी अंमलात, घरातली गांधी टोपी धान्याच्या कणगीत लपवली होती, ही एका आजींनी सासूकडून ऐकलेली गोष्ट केशरी. दोन्ही रंगांची सरमिसळ आम्ही होऊ देत नाही, पण केशरी पुसणारही नाही.

आणि लोकांनी नकाशा करणं सोलापूरला नवं आहे का? ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं गावभर विखुरलेली आहेत. दर जानेवारीत त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. कितीतरी घरांना ती वाट पिढ्यान्‌पिढ्या पायांनी पाठ आहे. आम्ही ती वाट ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर आखली, कारण तिथे गल्लीचं नाव गल्लीतला माणूस स्वतः घालू शकतो, दुरुस्तही करू शकतो.

जाता जाता आपण लिहून गेलात, की वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिलच्या आसपासची आमची जागा जवळपास कोरी आहे. डबा घेऊन आपण कुठल्या गेटवर जात होतात, तिथे समोर काय होतं, एवढं फोनवर बोलून पाठवा. चित्र काढायला आमची मुलं घरी येतील. नोंद केशरी रंगात लागेल. वडिलांचं मिलचं ओळखपत्र जपून ठेवलं असेल, तर तेवढी त्याची नोंद निळ्यात.