काका, मागे उभं राहू नका

"तुम्ही करा हो, मी नुसता बघतो" असं म्हणून कोणी तुमच्या मागे खुर्ची ओढून बसला ना, की तिथेच बॅग उचलून घरी जावं. मी गेलो नाही. त्यामुळे हे लिहितोय, आणि अजून डोकं शांत झालेलं नाहीये.

पेठेतलं एक सीए ऑफिस. तक्रार अशी की स्टाफ दिवसभर मॅचचे व्हिडिओ बघत बसतो, पूर्वी फक्त जेवणाच्या सुट्टीत, दुपारी एक ते दोन या वेळात, व्हिडिओ लागायचे, आता कधीही लागतात, फायरवॉल बिघडलंय, येऊन बघा. फायरवॉल म्हणजे इंटरनेटवरून काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी, आणि इथे तो म्हणजे माळ्याखाली ठेवलेला एक जुना पीसी, आधी त्याच्यावर टॅली चालायचं, निवृत्तीनंतर त्याला दोन लॅन कार्ड टोचून आयपीफायर नावाचं फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलेलं. आयपीफायर चांगलं आहे बरं का, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, फुकट आहे, आयपीकॉप नावाच्या जुन्या फायरवॉलच्या घराण्यातलं, बाहेरच्या इंटरनेटला लाल म्हणतं आणि ऑफिसच्या नेटवर्कला हिरवं. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार त्याच्यावर वाहिलेल्या जास्वंदीबद्दल आहे.

म्हणजे खरंच फूल होतं. पॉवरच्या बटणावर हळदकुंकू, वर फूल, आणि कीबोर्डवर खंडेनवमीची पूजा इतकी मनापासून झालेली की एन्टरच्या जवळची एक-दोन बटणं कुंकवात बसून गेलेली. हे सगळं करणारे अकाउंटचे काका. ऑफिसात मालकांच्या वडिलांच्या काळापासून आहेत, आणि मागे खुर्ची घेऊन बसले ते हेच.

एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लांबूनच आत शिरायची सोय, बाहेरून बंद होतं, ते बंदच असावं, त्यामुळे तिथेच स्टुलावर बसून लॉगिन करणं आलं. पासवर्ड काकांच्या वहीत. सत्यनारायणाच्या सामानाची यादी आणि गॅसवाल्याचा नंबर यांच्या मधोमध.

"सांगतो, घ्या लिहून. एस मोठा. मोठा म्हणजे कॅपिटल."

"काका, वही द्या ना इकडे."

"माझं अक्षर नाही लागायचं तुम्हाला. एच. आर. आय लहान. मग ते गोल गोल असतं ना, ॲट."

काकांचा आवाज कीर्तनातला. कुरिअरवाला सही घ्यायला थांबला होता तोसुद्धा ऐकत होता. मी टाइप करतोय आणि काका स्क्रीनकडे बघतायत.

"अहो, उमटत नाहीये काही."

"लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना दिसत नाही काका."

"चांदण्या तरी येतात हो. बँकेत येतात. दाबा जोरात."

"येत नाहीत इथे. मुद्दाम तसं ठेवलंय, किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून."

"कोणाला कळू नये? आपणच तर आहोत इथे."

यावर कुरिअरवाला हसला. मी नाही हसलो.

आत गेलो. आता ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये, की लिनक्सच्या मशीनमध्ये फाइल बदलणं हे काम पाच मिनिटांचं, आणि नेमकी कुठली बदलायची ते शोधण्यात दुपार जाते. इटीसी नावाच्या फोल्डरात स्क्विडची, म्हणजे कोणती साइट कधी उघडू द्यायची ते बघणाऱ्या प्रॉक्सीची, फाइल दिसते, बघायला गेलं तर ती नुसती लिंक, खरी फाइल बसलीये व्हार फोल्डरच्या खाली आयपीफायरच्या फोल्डरात प्रॉक्सीमध्ये. ती उघडली, तर त्या एक-ते-दोनच्या नियमाचा पत्ताच नाही. फाइलची तारीख बघितली तर सोमवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

आणि फाइलच्या अगदी डोक्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं असतं, की बाबा रे, या फाइलला हात लावू नकोस, वेब पेजवरून कोणी सेटिंग सेव्ह केलं की तुझं सगळं पुसलं जाणार, तुला जे खरडायचंय ते ॲडव्हान्स्डमधल्या एसीएल फोल्डरात इन्क्लूड.एसीएल नावाची फाइल आहे तिच्यात खरड आणि मग वेब पेजवरून प्रॉक्सी रिस्टार्ट कर. इतकं लिहूनही लोक हात लावतातच.

"काका, सोमवारी सकाळी दहाला यात कोणी काही करतं का?"

"मी करतो ना!" काका एकदम खूश. "आधीचा मुलगा होता ना, दुबईला गेला तो, फार हुशार, त्याने सांगून ठेवलंय. दर सोमवारी आल्या आल्या प्रॉक्सीचं पान उघडायचं आणि सेव्ह अँड रिस्टार्ट दाबायचं. सिस्टिम ताजी राहते म्हणाला."

"आणि तो कधी यायचा?"

"दर मंगळवारी. सोमवारी बिघडायचंच काहीतरी. पाच मिनिटांत करून द्यायचा."

मी फायरवॉलकडे बघितलं, जास्वंदीकडे बघितलं. मुलाने नियम लिहायचा तो मुद्दाम पुसल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, पुसायचं काम काकांकडे, आणि मंगळवारी व्हिजिट चार्ज. तिकीट त्यातूनच निघालं असणार दुबईचं.

असो. इन्क्लूड.एसीएल उघडली व्हीआय नावाच्या एडिटरमध्ये. हा व्हीआय १९७६ साली बिल जॉय यांनी लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नसायची म्हणून एच, जे, के, एलवर बाण छापलेले असायचे, अजून तीच बटणं चालतात. आता व्हीआयमधून बाहेर पडायला लागतो कोलन. आणि कुंकवात बसलेलं बटण कुठलं, तर कोलनचंच! बाहेर पडायचं सोडा, शिफ्ट धरून दोनदा झेड दाबलं की सेव्ह करून बाहेर पडता येतं, पण स्क्विडला वेळ सांगायची तर एक वाजता लिहायलाच कोलन लागतो.

"काका, तुमचा कीबोर्ड द्या दोन मिनिटं."

"माझा? मग मी एंट्री कशाने करू?"

"दोन मिनिटं एंट्री नाही केली तर?"

"तसं नाही, सवयीचा झालाय तो."

शेवटी कंट्रोल व्ही दाबून पुढे ०५८, म्हणजे कोलनचा कॉम्प्युटरमधला नंबर, टाइप केलं, की व्हीआय स्वतः कोलन काढून देतं. "हे काय, एसटीडी कोड?" काका. मग वारांची अक्षरं. स्क्विडमध्ये गुरुवार म्हणजे एच आणि शनिवार म्हणजे ए, कारण टी मंगळवारने आणि एस रविवारने आधीच पळवलेला. "गुरुवारला एच कसा हो, दत्ताचा वार आहे," यावर काका बराच वेळ बोलले, शेजारच्या मॅडमनाही सामील करून घेतलं, मी तोवर प्रत्येक कोलनला ०५८ करत बसलो होतो. आयपीफायरच्या यूआरएल फिल्टरने, म्हणजे साइटच्या पत्त्यावरून अडवणाऱ्या सोयीने, हे नीट झालं असतं पण त्या मशीनची मेमरी बघून हिंमत नाही झाली.

नियम लिहून झाला, फाइल सेव्ह झाली, आता वेब पेजवरून रिस्टार्ट. ते पान काकांच्याच पीसीवर उघडलेलं, त्यामुळे नाइलाजाने म्हटलं, काका, दाबा सेव्ह अँड रिस्टार्ट.

काकांनी दाबलं. व्हिडिओ बंद झाले. पलीकडून सीए शिकणाऱ्या दोघा आर्टिकल मुलांचा "अरेऽऽ" ऐकू आला.

"म्हणजे माझंच बरोबर होतं!" काका उठून उभे राहिले. "सर, झालं काम! सेव्ह दाबायचं बाकी होतं!"

मालक केबिनमधून आले, बिल बघितलं, आणि मला म्हणाले की दोन ओळींसाठी अर्धा दिवस जरा जास्त होतो नाही का, आधीचा मुलगा पाच मिनिटांत करायचा. मी त्यांना सगळं सांगितलं, सोमवार, मंगळवार, पुसली जाणारी फाइल, व्हिजिट चार्ज. त्यांनी मान डोलावली आणि पाचशे रुपये कमी केले.

"हुशार होता पण पोरगा," काका म्हणाले. "आणि नियमित. तुम्हाला जमेल का हो दर मंगळवारी?"