गोरेपणाची ट्यूब आता तिथेही?

इंदूरला रामबागेजवळ आमचं मेडिकल स्टोअर आहे. काउंटरवर बहुतेक मीच असते. सर्दी-खोकल्याचं गिऱ्हाईक मोठ्याने बोलतं, मराठीत नाहीतर हिंदीत, जसं जमेल तसं. ‘तसलं’ काही हवं असलं की बोलतच नाही, मोबाइल पुढे करतं. हल्ली त्या मोबाइलवर वरचेवर एकच गोष्ट दिसते: जांघेत आणि खाली लावायचं गोरेपणाचं क्रीम. मागणाऱ्या बहुतेक लग्न ठरलेल्या मुली. (मुलगे तेल मागतात, त्यांच्यावर येतेच.)

अगं, तिथली कातडी बाकी अंगापेक्षा काळसरच असते. वयात येताना हार्मोन्समुळे रंग गडद होतो, गरोदरपणात आणखी. चेहरा कितीही उजळ असला तरी. त्याला मळ समजून पोरींना घासायला लावणाऱ्या आया आहेत आपल्यात, मग पोरींना काय बोलणार?

मला राग येतो तो ट्यूबांचा. गोरेपणाच्या नावाखाली खपणाऱ्या कितीतरी ट्यूबांत स्टेरॉइड असतं. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. जांघेत तर ती जास्तच वाईट. हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड हाताच्या कातडीतून जेवढं आत जातं, त्याच्या चाळीसेक पट अंडकोषाच्या कातडीतून जातं, हे १९६७ पासून माहीत आहे. नाजूक जागी रोज स्टेरॉइड चोळलं की कातडी पातळ होते, कायमचे व्रण उठतात, आणि गजकर्ण असेल तर ते दबून आणखी पसरतं. मग तीच मुलगी दोन महिन्यांनी खाजेची ट्यूब मागायला येते.

आकाराची काळजी तर त्याहून निरर्थक. २००५ साली लंडनच्या डॉक्टरांनी ५० बायकांची मापं घेतली. योनिमुखाच्या आतल्या पाकळ्यांची लांबी २० मिलिमीटरपासून १०० पर्यंत निघाली, रुंदी ७ पासून ५० पर्यंत. आतल्या बाहेर डोकावतात, एक बाजू मोठी, कडा सुरकुतलेली, सगळं नॉर्मल. पण बघितलेलं असतं कुणी? पुस्तकातल्या आकृतीत दोन सरळ रेघा, आणि मोबाइलवर जे दिसतं ते निवडून-सजवून दाखवलेलं.

आता मुलगे. २०१५ मध्ये १५,५२१ पुरुषांच्या मापांचा एकत्र हिशेब झाला: ताठ लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर. डावा वृषण थोडा खाली लोंबतो, बहुतेकांचा. लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक मोत्यासारखे दाणे असतात काहींना, तो रोग नाही. बस.

‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून खटला झाला, १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. आपण मराठी लोक हे अभिमानाने सांगतो आणि घरात मुलीशी एक वाक्य बोलत नाही.

डॉक्टरकडे जायचं ते दुखत असेल, खाज, जखम, गाठ, नवा पांढरा डाग किंवा वेगळा वास असेल तर. चालताना, सायकलवर पाकळी घासून खरंच त्रास होत असेल तरीही जा, लाजू नका.

आणि ते तेल. असल्या ‘ताकदीच्या’ औषधांच्या जाहिरातीवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे, भिंती मात्र रंगलेल्याच. आमच्या दुकानात ते मिळत नाही. नवऱ्याला विचारलंत तरी तेच उत्तर मिळेल.