बाभूळ फक्त जळणाची? एका फॉरवर्डला उत्तर

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांनी तोच गावाकडून चुलत्यांनीही पाठवला: "बाभळीचं फर्निचर घेऊ नका. वर्षात पीठ होतं, उन्हाळ्यात तडकतं, सागाच्या पासंगाला पुरत नाही, आणि काटेरी झाड घरात अशुभ." खाली एका झुडपाचा फोटो.

आधी फोटोचंच बघू. त्यात लांबट, लोंबत्या तुऱ्यांची फुलं आहेत. ती वेडी बाभूळ, अमेरिकेतून आलेली. आपल्या ओढ्याकाठच्या गावठी बाभळीला गोल पिवळी फुलं येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी असते. लिहिणाऱ्याने झाडच चुकीचं धरलंय.

आता पीठ. यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू? माझ्याच स्वयंपाकघरातल्या बाभळीच्या फळीखाली दीड वर्षात भुगा पडायला लागला. फळी उलटी करून पाहिली तर भोकं सगळी कडेच्या पांढरट पट्ट्यात, आतला तांबूस गाभा शाबूत. त्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि भुंग्याच्या अळ्या त्यावरच जगतात. सुताराने माल वाचवायला तो भाग ठेवला होता. पैसे कमी पडले म्हणून मीही गप्प बसलो होतो. जुनी माणसं बाभळीचे ओंडके कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, ते उगाच नव्हे. पाण्यात पिष्ट उतरतं. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात लाकूड मुरवतात. दोन्हीपैकी काहीच करायचं नसेल, तर पांढरं तासून टाकायचं आणि नुसता गाभा वापरायचा.

अशुभाचं म्हणाल, तर आमच्या घरच्या लग्नात घाणा भरताना जी मुसळं बांधली ती बाभळीचीच होती. त्यांना हळदकुंकू वाहताना कुणाला काटे आठवले नाहीत.

तडकण्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. ओली फळी सोलापूरच्या मे महिन्यात, 43-44 अंशांत, थेट उन्हात टाकली तर ती फाटणारच. साग टाकला तरी फाटेल. फळ्यांची थप्पी सावलीत रचायची, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळू द्यायचा, टोकांना रंग फासायचा, म्हणजे टोकाकडून ओल झपाट्याने उडत नाही. असे काही महिने जाऊ द्यावे लागतात. गिऱ्हाइकाला दिवाळीआधी दिवाण हवा असतो, खरी अडचण ती आहे. बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, भोवती धाव, म्हणजे लोखंडी पट्टी. लाकूड ओलं राहिलं असतं तर ते आकसून धाव पहिल्याच उन्हाळ्यात सैल झाली असती. त्याच चाकांनी काळ्या रानातून उसाच्या मोळ्या ओढल्या.

राहिली सागाशी तुलना. बाभळीचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण 800 किलो भरतं, सागाचं 650च्या आसपास. म्हणून बाभळीचं स्टूल, बाजेचे खूर, जेवणाच्या टेबलाचे पाय दणकट होतात. आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू आत जात नाही आणि रंध्याचं पातं सारखं धार मागतं. सुतार नाक मुरडतो ते यामुळे. (गंमत म्हणजे ऑनलाइन 'अकेशिया वुड' म्हणून विकत घेतलेला ट्रे ग्रुपवर कौतुकाने दाखवतात. बाभूळही अकेशियाच म्हणवली जायची. 2005च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर ते शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियाकडच्या झाडांकडे गेलं.)

पण दारं-खिडक्यांना मी सागच घेईन. बाभळीचं खोड आखूड, वाकडं. सात फुटी सरळ फळी क्वचितच निघते. पावसाळ्यात साग कमी फुगतो आणि दार हलकंही राहतं. माझी ती फळी त्याच सुताराकडून पांढरं काढून बदलून घेतली. ती आता चार बोटं अरुंद झालीय, ज्वारीचा डबा जरा बाहेर येतो.